व्हर्लिनचं हँडल

आमच्या नेब्रास्कात रस्ते इतके सरळ, की समोरून येणारी मोटारसायकल आधी उन्हाचा नुसता ठिपका दिसते. जवळ आली की स्वार डावा हात खाली सोडतो आणि दोन बोटं रस्त्याकडे करतो. आपणही तसंच करायचं, ओळख असो वा नसो. व्हर्लिन होसेकनं चाळीस वर्षांत हा मान कुणालाच नाकारला नाही.

धान्याच्या कोठारात फावडं मारणारे ते हात. गेल्या हिवाळ्यात त्यांतली ताकद ओसरू लागली. शहरातल्या डॉक्टरनं आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, औषध नाही म्हणाला. व्हर्लिन घरी येऊन बायकोला म्हणाला, "लॅव्हॉन, हँडल बदलायला हवं."

मे महिन्यात आमचा पाद्री चर्चच्या अंगणात मोटारसायकलींवर पवित्र पाणी शिंपडतो. गाडी स्वतः चालवत आणायची. ट्रकवर लादून आणलेलीला पाणी नाही. व्हर्लिनला या वर्षी तिथवर जायचं होतं, एवढंच.

मार्चमध्ये दोघं गाडी ट्रकवर घालून ओरिनच्या गॅरेजात आली. मी टायर बदलायला आलो होतो. भिंतीवर हँडलं टांगलेली, बैलांच्या शिंगांसारखी.

"हे घे," ओरिन म्हणाला. "अंगाकडे वळलेलं. वाकावं लागणार नाही."

"हे म्हाताऱ्यांचं आहे."

"मग तू कोण, नवरदेव?"

सीटही ओरिननंच काढली: एकट्याची, खोलगट, कंबरेला टेकू देणारी.

"आणि ही कुठं बसेल? माझ्या डोक्यावर?"

"तिथं तर तीस वर्षं बसलेच आहे," लॅव्हॉन म्हणाली.

व्हर्लिननं दोघांची सीट घेतली. ओरिननं ती बसवली, व्हर्लिनला गाडीवर चढवलं.

"आता डोळे मीट. हात उचल. जिथं सहज थांबतील, तिथं हँडलच्या मुठी."

माप असंच घेतात. उजवा हात छातीपर्यंत आला, थरथरला, थांबला. डावा थोडा उचलला गेला आणि गुडघ्यावर येऊन पडला.

डोळे न उघडताच व्हर्लिन म्हणाला, "उजव्याचं माप घे."

"हँडलला दोन बाजू असतात रे," ओरिन हळूच म्हणाला. डाव्या हातानं क्लच दाबल्याशिवाय गाडी हलत नाही, हे त्यानं बोलून दाखवलं नाही.

लॅव्हॉननं पुढे होऊन तो डावा हात उचलला, उजव्याच्या बरोबरीला धरला.

"इथं," ती म्हणाली.

ओरिननं टेप लावला. आकडा लिहिताना त्यानं आमच्यापैकी कुणाकडे पाहिलं नाही.

मे महिन्यात, पवित्र पाण्याच्या त्या रविवारी, चर्चकडे जाताना माझी गाडी होसेकांच्या शेतासमोरून गेली. पुढे-मागे तीसेक जण होते. शेडचं दार सताड उघडं. नव्या हँडलची ती गाडी रस्त्याकडे तोंड करून स्टँडवर उभी, इंजिन बंद. वर व्हर्लिन, मागे त्याच्या कंबरेला धरून लॅव्हॉन.

आम्ही एकेकानं डावा हात खाली सोडला.

व्हर्लिनला हात सोडावा लागला नाही. तो आधीच खाली लोंबत होता. बोटं मात्र उघडली नाहीत.