मामीचा चंद्र

माझे मामा पत्रिका मांडायचे, आणि सायन पद्धतीचं नुसतं नाव काढलं तरी त्यांचं डोकं फिरायचं. सायनमध्ये राशी ऋतूंवरून मोजतात आणि निरयनमध्ये ताऱ्यांवरून, त्यामुळे सायन पत्रिकेत बरेचसे ग्रह एक रास पुढे गेलेले दिसतात. "तारा आहे तिथेच राहणार, तुमच्या सोयीने सरकणार नाही!" असं मामा गिऱ्हाइकांना ठणकावून सांगत. एकदोन जण तर चपला घालून चालते झाले. "घालवा, सगळ्यांना घालवा," मामी आतून ओरडायची.

मग मामीनेच अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मामांनी कॉम्प्युटरवर तिची पत्रिका काढली आणि बराच वेळ ते नुसते बघत बसले. मी शेजारीच होतो. माझ्याकडे न बघता त्यांनी निरयनवरची खूण काढली आणि सायनवर केली. पडद्यावरचे ग्रह सरकले. मामांनी तो कागद छापून मामीच्या हातात दिला.

"उन्हाळा संपला की बरी होशील बघ. स्पष्ट दिसतंय."

मामीने कागद डोळ्यांजवळ नेला. "माझा चंद्र वृश्चिकेतला ना हो? हा धनूत कसा?"

मामांनी तिचं पांघरूण सारखं केलं. मामीने कागदाची घडी घातली आणि उशीखाली सारली.

"असू दे," ती म्हणाली. "एवढ्या वेळी सरकू दे त्याला."

उन्हाळा सरायच्या आतच ती गेली.

आता कुणी विचारलं, सायन-निरयनातली खरी पत्रिका कुठली, तर मामा भांडत नाहीत. ते आधी हळूच विचारतात, "घरात कुणी आजारी आहे का?"