ताईची उंची

हाडांची तपासणी करण्याआधी नर्सने माझ्या थोरल्या बहिणीला भिंतीशी उभं केलं आणि उंची मोजायला घेतली. ताईने नकळत मान ताणली, टाचा किंचित उचलल्या.

"मावशी, टाचा टेकवा," नर्स म्हणाली.

टाचा टेकवल्यावर ताई पूर्वीपेक्षा दीड इंच कमी भरली. "अगं, नीट मोज ना," ती हळूच म्हणाली. नर्सने पुन्हा मोजलं. तेवढीच.

ऐन तारुण्यात तिचं गर्भाशय आणि बीजकोशही काढावे लागले होते. शरीरात हार्मोन तयार होईना, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या हाडंही सांभाळतील, म्हणाले. पण कुणीतरी कॅन्सरची भीती घातली आणि तिने त्या परस्पर बंद केल्या. मूल होणार नाही याचं दुःख आम्ही सगळ्यांनी पाहिलं, तिच्याजवळ बसून रडलो. हाडं मात्र आतल्या आत विरत गेली. माणसाचं केवढं तरी नुकसान असंच मुकाट्याने होत असतं. त्याची विचारपूस करायला कुणी येत नाही.

"आता त्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या तर?" ताईने डॉक्टरांना विचारलं.

"या वयात त्या नकोत. दुसरं औषध देऊ, आहे ते टिकवू. गेलेलं सगळं नाही येणार परत."

बाहेर रस्त्यावर वाहनांची गर्दी होती. आयुष्यभर कुणाचा आधार न घेतलेल्या ताईने माझ्यापुढे हात केला. मी तो धरला, आणि किती घट्ट धरावा, ते मला कळेना.