न हलणारा ठिपका

मुलीचा डबा द्यायला मी फ्लाइंग क्लबवर गेलो, तेव्हा सगळे वैमानिक आपापल्या विमानाच्या काचा पुसत होते. सकाळी दुसऱ्या राज्यात दोन छोटी विमानं हवेत एकमेकांवर आदळली होती. कुणीच वाचलं नव्हतं. इथं फडकी तेवढी फिरत होती.

"काच तर स्वच्छ आहे," मी काळेसरांना म्हणालो. माझ्या मुलीला विमान चालवायला त्यांनीच शिकवलं.

"माशीचा डागसुद्धा नको," हात न थांबवता ते म्हणाले. "काचेवर सरकताना दिसतं ते विमान बाजूनं निघून जातं. एकाच जागी ठिपक्यासारखं बसून राहतं, तेच आपल्यावर येत असतं. डाग समजून सोडलं की संपलं."

मुलगी अजून वरच होती; तिची वाट बघत मी धावपट्टीच्या तोंडाशी बाकावर बसलो. एवढं मोठं आभाळ, आणि भ्यायचं ते स्थिर वस्तूला. आपल्याला वाटतं, संकट धावत येतं. जे रोज डोळ्यांसमोर तसंच असतं, त्याच्याकडे आपण बघणंच सोडून देतो. मुलगी रोज उडते, म्हणून मीही हल्ली वर बघत नसे. आज मान खाली होत नव्हती.

"आली बघा," मागून काळेसर म्हणाले. त्यांचं फडकं थांबलं होतं.

समोर टेकडीच्या वर एक ठिपका होता. तो डावीकडे सरकत नव्हता, उजवीकडेही नाही. जागच्या जागी नुसता मोठा होत होता, सरळ आमच्याकडेच येत होता.

मी डब्याची झाकणं सैल करायला घेतली.