कुंकवाखालची तारीख
खंडेनवमीला ओल्या कुंकवाचा वास आला की मला आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या फ्रीगंज भागातलं काकांचं गाड्यांचा धूर तपासायचं केंद्र आठवतं. तिथलं मशीन मी चालवायची. एका छोट्या सिलेंडरमधल्या प्रमाणित गॅसवर त्या मशीनचं माप जुळवायचं असे. त्या वर्षी पूजेत काकांनी सिलेंडरलाही भलामोठा टिळा लावला. महिन्याभराने मी त्याच गॅसवर माप जुळवलं आणि लगेच एक म्हातारा रिक्षावाला आला. त्याची रिक्षा तीनदा तपासली, तिन्ही वेळा फेल. "बेटी, कल ही इंजन बनवाया है," तो म्हणत राहिला. मी म्हटलं, "बाबा, मशीन झूठ नहीं बोलती." तो रिक्षा घेऊन निघून गेला. संध्याकाळी सिलेंडर पुसताना टिळ्याखालून तारीख निघाली. गॅसची मुदत पूजेआधीच संपली होती! काका म्हणाले, "अगं, गॅस काय दूध आहे नासायला?" तरी त्यांनी नवा सिलेंडर मागवला. म्हातारा मात्र परत आला नाही. गॅस बिघडला होता की रिक्षाच, कोण जाणे. आजही स्टेशनवर रिक्षात बसताना मी आधी चालकाचा चेहरा बघते. तो तोच म्हातारा निघावा की निघू नये, हेही मला ठरवता येत नाही.