पुअर दिसायला काय काय उतरवायचं?

उद्या तुमच्या घरी पाहुणे यायचेत, तर आज तुम्ही कपाटातून काय काढता? चांगलं लुगडं की पोतेरं? सांगा ना. मग जमनाबाईचं काय चुकलं ते ठरवू.

शिरड शहापूरच्या शिवारात बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तिथली ही जमनाबाई. साठी ओलांडली तरी हळदीच्या हंगामात दुसऱ्याच्या शेतात, हळद शिजवायच्या कढईपाशी, धगीत उभी राहते. नातीला, दिपाला, तिनंच वाढवलं. म्हणून दिपा तिला याडी म्हणते, म्हणजे आई. या दिपाला हिंगोलीत नर्सिंगला प्रवेश मिळाला. मिळाला खरा, पण पोरीनं राहायचं कुठं? एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं, फुकट. अट एकच, घर 'पुअर' पाहिजे. आणि संस्थेचे साहेब स्वतः येऊन ते बघणार.

'पुअर' जमनाबाईला नवा नव्हता. शाळेत गणवेश वाटताना गुरुजी ओरडायचे, "पुअरवाले इकडं!" दवाखान्यात तिच्या डोक्यावरून बोलणं व्हायचं, "पुअर पेशंट आहे, बसू दे." गरीब म्हणताना यांची जीभ जरा तरी अडते, कारण माणूस समोर बसलेलं असतं. पुअर म्हणताना अडत नाही. इंग्रजी बोललं की समोरचं माणूस बहिरं होतं, अशी यांची समजूत! न मारणाऱ्या गाईलाही आपण गरीबच म्हणतो. यांना पुअर माणूस पाहिजे ते तसलं, दावं ओढलं की मान खाली घालून निघणारं.

आदल्या दिवशी तांड्याचा नाईक रतनसिंग सांगून गेला, "उद्या साहेब येऊन राहिले, पुअर घर बघायला." जमनाबाईनं त्यातलं एवढंच धरलं की पाहुणा येतोय. अंगण सारवलं. पेटी उघडली. अंगात आरशांची कांचळी, कमरेला घोळदार फेटिया, मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या बलिया, कानाशेजारी घुगरीचे झुबके. तांड्यातली तिच्या वयाची बाई पाहुण्यासमोर अशीच जाते. दुसरी कशी जाणार?

साहेबांचं नाव पुष्कर. गाडीतून उतरले, पत्र्याची खोली बघितली, चूल बघितली आणि खूश झाले. फोनवर कुणाला तरी म्हणाले, "व्हेरी पुअर. एकदम परफेक्ट!" मनासारखा माल सापडलेल्या व्यापाऱ्यासारखा चेहरा. तेवढ्यात जमनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि तो चेहरा पडला.

"आजी, छान दिसताय हो. पण फोटो काढायचाय. हे सगळं जरा काढून ठेवता? जुनी साडी असेल ना एखादी, ती नेसा. मदत देणाऱ्यांना पुअर दिसायला हवं ना!"

तांड्यात बाईच्या अंगावरून या बलिया, ही घुगरी कधी उतरते, माहीत आहे? नवरा मेल्यावर. आणि जमनाबाईचा नवरा वसराम तिथंच बाजेवर बिडी ओढत बसला होता.

"साहेब," वसराम म्हणाला, "थोडी कळ काढा. आधी मला मरू द्या, मंग उतरवंल ती."

जमलेला तांडा हसला. पुष्कर हसले नाहीत. रतनसिंग जमनाबाईच्या कानाशी लागला, "जमना, घटकाभराचा कारभार हाय. पोरीचं बघ."

"पोरीचंच बघून राहिले, नाईक! माझ्या याडीनं नवरा जित्ता असताना रांडमुंड होऊन मला जागा मिळवली, असं सांगत फिरावं व्हय तिनं?" मग ती साहेबांकडं वळली. "चूल खरी हाय, पत्रा खरा हाय. ते बघितलं ना तुमी? मंग माझ्या आंगावर काहून येऊन राहिले?"

पुष्करांनी फोन कानाला लावला. "नाही नाही, एवढे पुअर नाहीत." गाडी वळली. पाण्याचा तांब्या भरलेला तसाच राहिला.

संध्याकाळी दिपा फुटली. "एक फाटकी साडी, याडी! एका फोटोपुरती! माझ्या शिक्षणापेक्षा तुझे आरसे मोठे झाले?"

त्या रात्री जमनाबाई जेवली नाही.

सकाळी दिपानं डोळे उघडले तर याडी दारात उभी. जुनेर नेसलेली. दोन्ही दंड उघडे, आणि उभ्या जन्मात ऊन न लागलेली तिथली कातडी फिकट, लेकराच्या कातडीसारखी. बाजेवर वसराम भिंतीकडं तोंड करून बसला होता.

"चल," जमनाबाई म्हणाली. "त्या साहेबाकडं जाऊ. काढू दे फोटो."

दिपा उठली, पेटीशी गेली आणि एकेक बलिया आणून याडीच्या हातात चढवायला लागली. "बा जित्ता हाय. माझ्यापायी त्याला मारू नको. गेलं ते वसतिगृह खड्ड्यात! आपण खोली बघू. भाडं देऊ."

वसराम भिंतीकडं बघतच बोलला, "घुगरी राहिली. ती बी घाल."

मग दोघी हिंगोलीत दारोदार फिरल्या. एका दारी मालकीणबाईंनी जमनाबाईला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "खोली कालच गेली." पाठीमागं 'भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच लटकत होती. दुसऱ्या दारी उत्तर आलं, "पुअर लोकांना नाही देत हो आम्ही. नंतर कटकट होते." बघा म्हणजे! फोटोला पुअर कमी पडलं आणि दाराशी जास्त झालं. शब्द यांचा, माप यांचं, आणि दोन्हीकडून पोर बाहेर.

दिपाचं कॉलेज सुरू झालंय. तांड्यापासून रस्त्यापर्यंत पायी, पुढं एसटी, आणि पहिला तास रोज बुडतो. अशीच हजेरी राहिली तर परीक्षेला बसू देणार नाहीत, असं तिला बजावलंय.

हिंगोलीत, डेपोच्या नाहीतर स्टेशनच्या बाजूला तुमची एखादी खोली रिकामी असेल, तर ती दिपाला द्या. फुकट नको, भाडं बराबर घ्या. पोरीला सोडायला जमनाबाई येईल, आरशांची कांचळी घालून, बलिया वाजवत. तेव्हा तुमचा फोन खिशातच राहू द्या, आणि तिला आधी पाणी विचारा.