पालथा बसवलेला तारा

ग्रॅनडाच्या राजवाड्याचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले तेव्हा सगळ्यांनी वर केलेले अंगठे पाठवले. एकट्या मामाने लिहिलं, "असलं काम मी केलंय." मला ती थट्टा वाटली. मामा गुहागरचा, बावीस वर्षं ओमानमध्ये लादी मिस्त्री. फोन केला तर म्हणाला, मस्कतच्या एका मोठ्या मशिदीत मोरोक्कोच्या कारागिरांनी अशीच भिंत केली आणि त्यांच्या हाताखाली तो होता. भिंत उभी राहिली तेव्हा मात्र त्याला दुसऱ्या साइटवर धाडलं होतं, त्यामुळे ती त्याने पाहिलीच नाही. आता त्याचं कंत्राट संपलं होतं आणि शनिवारी पहाटे परतीचं विमान होतं. मी मस्कतचं तिकीट काढलं.

गुरुवारी मामा दुक्महून, त्याच्या शेवटच्या साइटवरून, बसने आला. सहा-सात तास लागतात, रस्ता झकास, बघायला वाळू आणि उंट. पाणी भरपूर घ्या. जेवायला मस्कतच्या रुवी भागात जा, दोनेक रियालमध्ये सुरमई-भात मिळतो. तिथेच मामाने काम समजावलं. रंगीत तुकडे छिन्नीने कापायचे आणि जमिनीवर पालथे मांडायचे, रंग खाली, मातीची पाठ वर. मग पाठीवर गिलावा ओतायचा, आणि तो घट्ट झाला की अख्खी चौकट उचलून भिंतीवर चढवायची. ते ओतणं मामाकडे.

"पण एक तारा मला मांडायला दिला गो मोरोक्कोवाल्याने. हिरवा. डाव्या कोपऱ्यात, खाली."

"मग इतक्या वर्षांत गेला का नाहीस बघायला?"

"आपल्याला, म्हणजे मुसलमान नसलेल्यांना, आत सोडतात ते सकाळी. शुक्रवार सोडून. आणि मला सुट्टी शुक्रवारचीच."

दुसऱ्या दिवशी शुक्रवारच होता. वेळापत्रक वाचूनही माझ्या डोक्यात सुट्टी म्हणजे रविवारच होता. स्वतःचा इतका राग क्वचित आला असेल. मामाने तरीही इस्त्रीचा शर्ट घातला. "तू सोबत आहेस, सोडतील," म्हणाला.

सोडलं नाही. दारावरचा माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, उद्या या, इन्शाल्ला. उद्या मामा गुहागरात असणार होता.

आमचे टॅक्सीवाले रफीकभाई दापोलीचे, मामाचे जुने दोस्त. ते नमाजला निघालेच होते. "मी फोटो काढून आणतो. यल्ला, चला, तुम्ही गाडीत बसा."

गाडीत बसल्या बसल्या मी मामाला ग्रॅनडाचा राजवाडा बांधणाऱ्या मूरांचं, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांचं, सांगत सुटले. स्पेनमध्ये त्यांनी पाटाचं पाणी खेळवलं, बागा फुलवल्या, ग्रंथालयं उभारली, भूमितीतून हे तारे काढले.

"किती वर्षं होते तिथे?"

"आठशेच्या आसपास."

"आणि मग?"

"हाकलून दिलं."

"मग माझ्या बावीसचं काय घेऊन बसलीस."

रफीकभाईंचा फोटो छान आला होता. फक्त डाव्या कोपऱ्यापुढे चपलांचं कपाट होतं. "हलवणार कसं ओ, गर्दी होती," ते ओशाळून म्हणाले. मामाने फोन परत दिला. "खलास," म्हणाला, आणि विमानतळावर जायच्या तयारीला लागला.

ठाण्याला परतल्यावर आठवड्याने मी भरतकामाचा कुर्ता उलटा करून वाळत घालत होते. डाव्या खांद्यावरची कोयरी उजवीकडे आलेली दिसली आणि मी तशीच ओल्या हातांनी फोनकडे धावले.

"मामा, तारा पालथा मांडला होतास ना? मग तुझा डावा कोपरा समोरून..."

"उजवा," तो सावकाश म्हणाला. "जन्मभर लाद्या बसवल्या, आणि हे सुचलं नाही बघ."

उजवा कोपरा फोटोत लख्ख होता. तेवढा भाग मोठा करून पाठवला. मामाचा फोन यायला तासभर लागला.

"बघितला?"

"बघितला गो."

"कसा आहे?"

"बाकीच्यांसारखाच आहे. तू दाखवलास म्हणून, नाहीतर ओळखूही आला नसता."

मी म्हटलं, म्हणजे काम उत्तम झालंय. त्यावर तो म्हणाला, "हो, तेच तर," आणि फोन ठेवला.