दोन गावांची एक फाइल

“हात लावायच्या आधी कारण लिवा, ताई,” असं म्हणत आमचे फाइली सांभाळणारे सहकारी माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. मी कारण टाइप करेपर्यंत हलायचे नाहीत. असा एक जण तुमच्याही ऑफिसात असेल; त्याच्यावर चिडताही येत नाही.

आम्ही शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं यांच्या वेबसाइट बनवायचो. भागीदार दोन, एक नांदेडला, म्हणजे आमचे साहेब, आणि एक लातूरला. सगळ्या साइटना लागणाऱ्या फाइली या आमच्या सहकाऱ्यांनी एकाच सामायिक फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. तिथे एकदा दुरुस्ती केली की दोन्हीकडच्या साइटवर पोचायची, आणि कुणी काय व का बदललं याची नोंद राहायची. आम्ही नोंदीत नुसतं ‘बदल’ खरडायचो. हे लिहायचे, ‘डॉक्टरांचा नंबर बदलला. जुन्यावर म्हातारी माणसं फोन करून राहिली.’

एकदा एका शाळेच्या संस्थापकांच्या श्रद्धांजलीची पट्टी यांच्या हातून चुकून सामायिक फाइलमध्ये गेली आणि ऐन लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या साइटवर झळकली. मालक फोनवर उखडले. यांनी आधीची फाइल परत आणली आणि वर ऐकवलं, “चुकलो, मालक. पण एका जागी चुकलो म्हणून एका जागीच निस्तरलं!” आम्ही हसून बेजार.

मग भागीदारांचं फाटलं. फोल्डरच्या दोन प्रती करून एकमेकींपासून तोडायचं ठरलं. तेव्हा मी पहिल्यांदा यांना साहेबांपुढे हात जोडताना पाहिलं.

“साहेब, दोन्हीकडचं मी बघतो. दर हप्त्याला एसटीनं लातूरला जातो. पण ह्ये तोडू नका. दोन केलं की एकाकडं कुणी बघत न्हाई.”

“लातूरवाल्यांचं नाव काढू नका आता,” साहेब म्हणाले. तोडायचं काम यांनाच करावं लागलं. नोंदीत कारणाच्या जागी यांनी फक्त एक टिंब दिलं.

त्यानंतर ते खचलेच. कामावर यायचे, पण बोलणं आटलं. उन्हाळ्यात कंधारला, घरी, झोपेतच गेले.

प्रत्येक साइटच्या तळाशी ‘अडचण आल्यास यांना फोन करा’ या ओळीशेजारी त्यांचा फोटो असायचा. साहेबांनी तो मला काढून टाकायला सांगितला. एका फाइलमधून काढला आणि नांदेडच्या सगळ्या साइटवरून ते एकदमच गेले. मला रडू आवरेना.

परवा लातूरच्या एका शाळेची साइट उघडली. तळाशी ते होते, निळ्या शर्टात, हसत. त्यांच्या जाण्याची बातमी तिकडे पोचली असेलही, पण त्या फाइलकडे बघणारं तिथे कुणी उरलेलं नाही. फोटो काढून टाका म्हणून कळवायला हवं. माझ्याच्यानं होत नाही.